संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या कनवटीला?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून गावोगावच्या अशा मंडपांतून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, असाच रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. त्यानंतर जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि आपल्या नगर वाचनालयाच्या मागल्या खोलीत. तेव्हा आजच्या व्याख्यानात पांडित्याची अपेक्षा कोणी धरू नये. आम्ही दोन वेळा ठेच खाल्ली, त्या ठेचेची हकिकत सांगावयास आलो आहोत.

चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत अशी की, आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू. आम्ही म्हटले, ‘आपल्या संकेतस्थळासाठी कंट्रोल पॅनेल कसे निवडावे’, या विषयावर बोलू. चालकांनी ते दोनदा विचारून घेतले आणि मग वहीत लिहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. पण या मंडपात पतसंस्थेचे संचालक बसले आहेत, शाळेचे मुख्याध्यापक आहेत, दवाखाना चालविणारे डॉक्टर आहेत, मंगल कार्यालयाचे मालक आहेत, वाचनालयाचे ग्रंथपाल आहेत. यांपैकी बहुतेकांचे संकेतस्थळ आहे, नसेल तर उद्या होणार आहे. आणि त्यांतल्या फार थोड्यांना हे सांगता येईल की, त्या स्थळाची किल्ली नेमकी कोणाच्या कनवटीला आहे. म्हणून हा विषय कारागिरांचा असला तरी चर्चा नागरिकांनी करावयाची आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते समजून घेऊ. संकेतस्थळ म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर घेतलेली भाड्याची खोली. त्या खोलीत आपल्या चार गोष्टी असतात. पहिली, पानांच्या आणि चित्रांच्या फाइली. दुसरी, डेटाबेस म्हणजे मजकूर ज्यात रचून ठेवला आहे ते कपाट. तिसरी, आपल्या नावाने येणारे टपाल. आणि चौथी, पत्त्याची नोंद म्हणजे अमुक नावाने कोणी हाक मारली तर कोणत्या यंत्राकडे पाठवावे याची पाटी. ते यंत्र, म्हणजे सर्व्हर, बहुधा लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालते आणि मुळात ते केवळ लेखी हुकूम ऐकते. हुकूम टंकून द्यावयाचा, अक्षर चुकले की काम अडले. सामान्य माणसाला हे जमण्यासारखे नाही. म्हणून मध्ये एक सोय निघाली. पडद्यावर एक पान येते, त्यावर बटणे असतात. नवी टपालपेटी हवी, हे बटण. डेटाबेस हवा, हे बटण. कुलूपबंद दळणवळणाचे प्रमाणपत्र हवे, हे बटण. आपण बटण दाबतो आणि ते पान आपल्या वतीने यंत्राला हुकूम देते. या पानाला कंट्रोल पॅनेल म्हणतात.

जुन्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर नावाचा माणूस असे. कोकणातून, घाटावरून आलेल्या गड्याला गिरणीचे दार तोच उघडून देई. कामावर घेणे, रजा देणे, बदली लावणे, सगळे त्याच्या हातून होई. जॉबर उपयोगी नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यावाचून नवख्या माणसाला गिरणीत पाऊल टाकता येत नव्हते. पण ज्याच्यावाचून आत जाता येत नाही, त्याच्यावाचून बाहेर पडणेही हळूहळू अशक्य होते, आणि मग तो मागेल ते द्यावे लागते. कंट्रोल पॅनेल हा आपल्या संकेतस्थळाचा जॉबर आहे. तो ठेवावा, त्याच्याकडून काम घ्यावे. पण त्याच्या ताब्यात जाऊ नये. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. पुढचे सारे त्याचा पुरावा समजावा.

युनियनच्या कामात आम्हांला एक सवय लागली. करार हातात आला की पगारवाढीचा आकडा सगळेच वाचतात. आम्ही आधी शेवटची कलमे वाचतो: मुदत किती, नोटीस किती दिवसांची, करार संपल्यावर काय शिल्लक राहते. कारण भांडण लागते ते तिथे. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ही सवय आम्ही घरी ठेवून गेलो.

आमच्या संघटनेचे पहिले संकेतस्थळ २००८ साली उभे राहिले. एका व्यावसायिकाने ते बांधून दिले. पॅनेल त्याने स्वतःच बनविलेले होते. दिसावयास सुबक, मराठी बटणांचे. डोमेनचे नाव त्यानेच आपल्या खात्यावर नोंदविले. आम्ही दरसाल धनादेश देत गेलो आणि त्या पानावर सूचना, करारांच्या प्रती, सेवाज्येष्ठतेच्या याद्या चढवीत गेलो. २०१५ च्या पावसाळ्यात कचेरीत गुडघाभर पाणी शिरले. तळच्या फडताळातल्या फायलींचा लगदा झाला. कार्यकारिणी हळहळली, तेव्हा आम्हीच छाती पुढे काढून म्हटले, ‘काळजी कशाची? सगळे साइटवर आहे.’

२०१६ साली त्या गृहस्थाने धंदा बंद केला. सर्व्हर बंद पडला. दूरध्वनी लागेना, लागला तर उचलला जाईना. त्या सुबक पॅनेलमध्ये पंचवीस बटणे होती. ‘माझे सगळे सामान बांधून दे’ असे सव्विसावे बटण नव्हते, आणि आठ वर्षांत ते आमच्या कधी लक्षातही आले नव्हते. काही महिन्यांनी डोमेनच्या नोंदणीची मुदतही संपली. नाव आमच्या मालकीचे नसल्यामुळे ते आम्हांला वाचविताही आले नाही. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये शोध घेतला. आमची काही पाने तिथे निघाली, पण ती मुखपृष्ठे होती. याद्यांची चित्रे तिथे नव्हती.

याची किंमत आम्ही भरली नाही, एका सभासदाने भरली. हा गडी वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून राबलेला. २०१७ साली त्याच्या सेवाज्येष्ठतेचा दावा उभा राहिला. २०१० सालची एक यादी होती. तीवर व्यवस्थापनाची व आमची, दोघांच्या सह्या होत्या, आणि त्याचे नाव वरच्या भागात होते. व्यवस्थापनाने सांगितले, मूळ प्रत सापडत नाही. आमची प्रत पाण्यात गेलेली, साइटवरची प्रत व्यावसायिकाबरोबर गेलेली. इतर पुराव्यांवर जेवढे ओढता आले तेवढे ओढले, आणि अखेर त्याने मागणीच्या निम्म्याहून कमी रकमेवर तडजोड केली. सही करून बाहेर आल्यावर तो आम्हांला म्हणाला, ‘भाऊ, यादी फळ्यावर लागली होती तेव्हा आम्ही चौघांनी वहीत उतरवून घेतली असती, तरी चाललं असतं.’ त्याने रागाने म्हटले नव्हते, म्हणून ते अधिक लागले. त्या दिवशी आम्ही हा विषय शिकावयास घेतला.

आता बाजारात काय आहे ते पाहू. सर्वांत प्रसिद्ध पॅनेल म्हणजे सीपॅनेल. त्याचा जन्म १९९६ चा, आणि त्याची कंपनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनची. ते लिनक्सवरच चालते. दुसरे प्लेस्क, ते लिनक्सवर चालते तसे विंडोजवरही चालते, म्हणून ज्यांचे स्थळ मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी बांधले आहे त्यांना त्याचा विचार करावा लागतो. तिसरे डायरेक्टअ‍ॅडमिन, हे कॅनडातले, २००३ पासूनचे, अंगाने हलके. ही तिन्ही पैसे मोजून घ्यावयाची. मोफत आणि खुल्या परवान्याची पॅनेलेही आहेत: वेबमिनच्या पायावर उभे असलेले व्हर्च्युअलमिन, हेस्टिया, आयएसपीकॉन्फिग, सायबरपॅनेल इत्यादी. आणि चौथा मार्ग म्हणजे पॅनेलच न ठेवता हुकूम टंकून काम करणे.

आपण जर सामायिक होस्टिंग घेतले, म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो बिऱ्हाडांपैकी एक बिऱ्हाड आपले, तर पॅनेल निवडण्याचा हक्क आपल्याला नसतो. घरमालक जे बसवील ते. तिथे पॅनेल निवडणे म्हणजे घरमालक निवडणे होय. पण स्वतंत्र आभासी सर्व्हर, ज्याला व्हीपीएस म्हणतात, तो घेतला तर पॅनेल आपण निवडतो आणि त्याचा परवानाही आपण भरतो. ‘जास्त स्वातंत्र्य ते चांगले’, असे येथे पटकन वाटते. त्या वाटण्याविषयी थोडे पुढे बोलू.

पैशाचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यात एक धडा आहे. सीपॅनेलचा परवाना पूर्वी यंत्रामागे ठरलेला असे. स्वतंत्र यंत्राला महिना ४५ डॉलर हा जाहीर दर. त्यावर दहा बिऱ्हाडे ठेवा की हजार. ओक्ली कॅपिटल या गुंतवणूकदार संस्थेने २०१७ साली प्लेस्क घेतले आणि २०१८ साली सीपॅनेलही घेतले. कालचे दोन प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. आणि जून २०१९ मध्ये जाहीर झाले की, १ सप्टेंबर २०१९ पासून दर यंत्रामागे नसून खात्यामागे लागेल. ४५ डॉलरांत शंभर खाती, त्यापुढे प्रत्येक खात्याला २० सेंट. आता हिशेब करा. ज्याच्या यंत्रावर पाचशे खाती होती तो ४५ च्या जागी १२५ डॉलर देऊ लागला. ज्याची हजार होती तो २२५. त्यानंतर दर पुन्हा पुन्हा वाढले आहेत.

कामगार चळवळीतल्या माणसाला हे समजावयास वेळ लागत नाही. महिन्याच्या ठरल्या रकमेवरून नगावर येणे म्हणजे काय, ते आमच्या यंत्रमागवाल्यांना विचारा. यात बेकायदेशीर काही घडले नाही. मालाचा धनी दर ठरवितो. पण ज्यांची शेकडो खाती त्याच पॅनेलच्या पद्धतीने रचलेली होती, त्यांतल्या अनेकांना निमूटपणे वाढीव दर भरावा लागला. ज्यांनी आधीच दुसऱ्या पॅनेलवर सामान हलवून पाहिले होते, त्यांना निदान बोलावयास तोंड होते. सामुदायिक सौदा करताना संप करण्याची ताकद असावी लागते. संप करावाच लागतो असे नाही. तसेच बाहेर पडण्याची वाट माहीत असावी लागते. बाहेर पडावेच लागते असे नाही.

मग कोणी म्हणेल, मोफतच घ्यावे. आम्हीही तेच म्हटले. २०१८ साली आम्ही उत्साहाने व्हीपीएस घेतला आणि त्यावर एक मोफत पॅनेल चढविले. आमच्यातला एक आयटीआय झालेला फिटर मुलगा या कामात तरबेज होता. रात्रपाळी करून आला तरी तासभर बसून सगळे नीट ठेवी. आम्हांला अभिमान वाटे की, आता किल्ली आपल्या घरात आहे. २०२१ साली त्याला परराज्यात चांगली नोकरी लागली. आम्हीच हार घालून निरोप दिला. जाताना त्याने वहीत सगळे लिहून दिले होते. पण वही वाचून सर्व्हर चालविणे हे पाकपुस्तक वाचून शंभर पानांचे जेवण करण्यासारखे आहे. पुढे चौदा महिने पॅनेलला नव्या आवृत्तीचे ठिगळ लावले गेले नाही. एके दिवशी एका सभासदाची मुलगी घाबरत घाबरत कचेरीत आली आणि म्हणाली, ‘काका, युनियनच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसतात.’

या वेळी नुकसान आठवड्याचे झाले, आठ वर्षांचे नाही. कारण प्रती काढण्याची सवय एव्हाना लागली होती. पण आम्हांला खाली मान घालून एक गोष्ट कबूल करावी लागली. पहिल्या खेपेस आम्ही एका व्यावसायिकावर विसंबलो, दुसऱ्या खेपेस आपल्याच एका गुणी मुलावर. एका पुढाऱ्यावर चालणारी संघटना पुढाऱ्याबरोबर संपते, हे आम्ही तीस वर्षे भाषणांत सांगत आलो होतो. किल्ली घरात असून भागत नाही, ती दोघा-तिघांना फिरविता आली पाहिजे.

मोफत पॅनेले वाईट, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. हेस्टिया किंवा व्हर्च्युअलमिन ही उत्तम साधने आहेत, आणि त्यांचा मूळ आराखडा कोणालाही वाचता येतो हा मोठा गुण आहे. पण मोफत म्हणजे मजुरी आपली, हे विसरू नये. आणि पॅनेल कोणतेही असो, ते सर्व्हरचे मुख्य दार असल्यामुळे चोराची नजर पहिली तिथे जाते. वेबमिनच्या बाबतीत २०१८ साली कोणी तरी ते जिथे बांधले जाते त्या यंत्रातच शिरून चोरदार ठेवले, आणि ते उघडकीस आले २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सायबरपॅनेलमधल्या उणिवेचा फायदा घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये हजारो सर्व्हरांवर खंडणीचा हल्ला झाला. २०२३ साली सीपॅनेलमध्येही एक उणीव सापडली व ती बुजविण्यात आली. तेव्हा ‘कोणते पॅनेल कधीच फुटत नाही?’ हा प्रश्न निरर्थक आहे. विचारावयाचे ते असे की, फुटल्यावर ठिगळ किती लवकर निघते, आणि आपल्याकडे ते लावणारा माणूस आहे का.

पॅनेलच्या पायाखालची जमीनही पाहावी लागते. अनेक पॅनेले सेंटओएस नावाच्या प्रणालीवर उभी होती. ती चालविणाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले की, तिची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद होईल. सातवी ३० जून २०२४ ला बंद झाली. ज्यांनी वेळेवर अल्मालिनक्स, रॉकी किंवा उबुंटू यांवर बस्तान हलविले ते सुटले. हेस्टिया फक्त डेबियन आणि उबुंटू यांवरच चालते. म्हणून पॅनेल घेताना ते कशावर उभे आहे आणि त्या पायाची मुदत कोणत्या साली संपते, एवढे एका ओळीत लिहून कचेरीच्या भिंतीवर लावावे.

आता निवडीविषयी आमचा सल्ला सांगतो. सुरुवात बटणांच्या संख्येपासून करू नये, आपल्याजवळ हात किती आहेत त्यापासून करावी.

एकच संकेतस्थळ आहे आणि तांत्रिक माणूस नाही, अशी वाचनालये, शाळा, मंडळे यांनी साधे सामायिक होस्टिंग घ्यावे, आणि पॅनेल बाजारात सर्वत्र चालणारे असावे. विक्रेत्याने स्वतः बनविलेले पॅनेल कितीही देखणे असले तरी सबंध प्रत काढून नेण्याची सोय लेखी मिळाल्याखेरीज घेऊ नये. प्रचलित पॅनेलचा फायदा असा की, त्याची गाठोडी इतरांना उघडता येतात. सीपॅनेलवरचे सामान उचलून आपल्याकडे आणण्याची साधने प्लेस्क व डायरेक्टअ‍ॅडमिन यांनी ठेवली आहेत.

पाच-दहा संस्थांची स्थळे एकत्र चालवावयाची असतील आणि अर्धा वेळ देणारा एक जाणकार असेल, तर व्हीपीएस आणि पैशाचे हलके पॅनेल परवडते. दोन जाणकार असतील, एक आजारी पडला तर दुसरा बसेल अशी स्थिती असेल, तरच मोफत पॅनेल घ्यावे आणि वाचलेला पैसा प्रती साठविण्यावर खर्च करावा. आणि पॅनेलशिवाय चालविणे ही पट्टीच्या कारागिराची गोष्ट आहे. संस्थेने तिच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर सामान बांधण्याच्या बटणाकडे यावे. सीपॅनेलमध्ये सबंध खात्याची प्रत काढता येते. तीत फाइली, डेटाबेस, टपाल सारे बांधून मिळते. पण एक मेख आहे. ते सबंध गाठोडे ग्राहकाला स्वतःला परत उलगडता येत नाही. ते काम सर्व्हर चालविणाऱ्याच्या हातचे असते. फाइलींची वेगळी आणि डेटाबेसची वेगळी प्रत काढली, तर ती मात्र आपली आपल्याला परत भरता येते. म्हणून दोन्ही प्रकार काढावेत.

आणि प्रत त्याच आवारात ठेवू नये. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरी १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरगृहाला आग लागली आणि एक इमारत बेचिराख झाली. ज्यांनी आपल्या प्रती त्याच आवारात ठेवल्या होत्या, त्यांतल्या अनेकांचे मूळही गेले आणि प्रतही गेली. आमच्या कचेरीत पाणी शिरले, त्यांच्याकडे आग लागली, धडा एकच.

मराठी मजकुरासाठी एक विशेष सूचना. सामान एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना डेटाबेसची अक्षरपद्धती जुळली नाही तर सगळी देवनागरी जाऊन प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. इंग्रजी मजकूर शाबूत दिसतो, त्यामुळे परदेशी मार्गदर्शिकांत या संकटावर भर नसतो. यासाठी एक पान मुद्दाम ठेवावे: त्यात जोडाक्षरे असावीत, ऱ्हस्व-दीर्घ असावे, मराठी अंक असावेत. स्थलांतर झाले की आधी ते पान उघडून वाचावे. आपल्यापैकी कोणी ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव घेतले असेल, ज्याची सोय २०१४ साली झाली, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, पॅनेलच्या आत ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात दिसू शकते. तो बिघाड नव्हे.

डोमेनचे नाव आणि होस्टिंग ही दोन निरनिराळ्या ठिकाणी असावीत. नाव संस्थेच्या नावावर नोंदवावे आणि त्यासाठीचा इमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. नाही तर घराला कुलूप लावून किल्ली आत ठेवल्यासारखे होते. पासवर्ड निदान दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावा, निवडणूक झाली की बदलावा, आणि दुहेरी खातरजमेची सोय सुरू ठेवावी. सभासदांचे घरचे पत्ते, दूरध्वनी, पगाराची माहिती सर्व्हरवर ठेवूच नये. जे तिथे नाही ते चोरीस जात नाही.

आज आमची व्यवस्था अशी आहे. साधे सामायिक होस्टिंग, प्रचलित पॅनेल, नाव संघटनेच्या मालकीचे. दर रविवारी प्रत निघते. एक कचेरीतल्या डिस्कवर, एक खजिनदारांच्या घरी. आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, आम्ही ती प्रत दुसऱ्याच एका यंत्रावर उलगडून स्थळ उभे करून पाहतो. हे काम दर खेपेस निराळ्या माणसाने करावयाचे, असा ठराव आहे. गेल्या जुलैत एका लोहाराने केले. तीन तास लागले. स्थळ उभे राहिले, तेव्हा त्याने पहिल्याप्रथम सेवाज्येष्ठतेच्या यादीचे पान उघडले आणि आपले नाव शोधले. ते होते.

आपण उद्या सकाळी आपल्या संस्थेत गेलात की चिटणीसांना एकच प्रश्न विचारा: ‘आपला होस्टिंगवाला आज संध्याकाळी दुकान बंद करून गेला, तर सोमवारी आपले स्थळ दुसरीकडे उभे राहील का?’ उत्तर ‘हो’ असेल आणि कोणी तरी ते करून दाखविलेले असेल, तर आपले पॅनेल कोणतेही असो, चांगले आहे. उत्तर ‘विचारून सांगतो’ असे आले, तर पॅनेलचा विचार मागाहून करा. आधी आजची प्रत काढून घ्या.

त्या बदली कामगाराची यादी आम्हांला परत मिळाली नाही. ती मिळणारही नाही. पण तो गडी आज आमच्या कचेरीत रविवारी येतो आणि डिस्क जोडण्याचे काम तोच करतो. त्याला कोणी नेमलेले नाही. त्याच्यापुढे आम्ही भाषण करीत नाही. आपल्यापुढे केले, ते आपण शांतपणे ऐकून घेतलेत.